पिंजरा उघडल्यानंतरची सकाळ

शत्रूची छावणी आहे. पहारेकरी बरेच, तुमच्याकडे गोळ्या कमी. छावणीच्या मधोमध एक लोखंडी पिंजरा आणि पिंजऱ्यात वाघ. तुम्ही लांबच्या टेकडीवर गवतात पालथे पडून पिंजऱ्याच्या दारावर नेम धरता. एक गोळी, दार उघडतं. पुढची दोन मिनिटं तुम्हाला काहीच करावं लागत नाही. वाघ एकेका पहारेकऱ्याला गाठतो, धोक्याचा भोंगा वाजवायला कुणी उरत नाही आणि स्क्रीनवर अक्षरं येतात की छावणी मुक्त झाली. तुम्हाला कुणी पाहिलंच नाही, म्हणून वर बोनस.

‘फार क्राय ३’ (२०१२) किंवा ‘फार क्राय ४’ (२०१४) खेळलेल्या कुणालाही ही युक्ती माहीत असेल. इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलच्या मजल्यावर ती सगळ्यांची लाडकी होती. स्वस्त, झटपट आणि वर पुण्याचं काम केल्याची भावना. कैदेतलं जनावर सुटलं, वाईट माणसं मेली, आपले हात स्वच्छ राहिले. एकाच गोळीत इतकं सगळं दुसरीकडे कुठे मिळतं?

मग त्या वाघाचं काय होतं? खेळाला त्यात रस नसतो. तो छावणीत घुटमळतो. तुम्ही खाली उतरलात की तुमच्यावरही धावून येतो, कारण तुम्ही त्याचे मुक्तिदाते आहात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तुम्ही त्यालाही मारता. त्या खेळात जनावराचं कातडं काढलं की त्यातून पाकीट, पट्टा, पिशवी असं काहीबाही बनवता येतं. म्हणजे ज्याला पाच मिनिटांपूर्वी मुक्त केलं, त्याच्या कातड्याच्या पिशवीत आता आपल्या गोळ्या.

फँटसीत ही युक्ती जागोजागी भेटते. ‘हॅरी पॉटर’च्या शेवटच्या पुस्तकात (२००७) ग्रिंगॉट्स बँकेच्या तळघरात एक आंधळा झालेला ड्रॅगन साखळदंडांनी बांधलेला आहे. विशिष्ट खडखडाट ऐकला की वेदना होणार, हे त्याच्या अंगात भिनवलेलं आहे. हॅरी, रॉन आणि हर्मायनी त्याला सोडवतात, त्याच्या पाठीवर बसून बँकेचे दरवाजे फोडून बाहेर पडतात आणि एका तळ्यावर आल्यावर उड्या टाकून मोकळे होतात. ड्रॅगन पुढे उडून जातो. आपण वाचक टाळ्या वाजवतो. त्या आंधळ्या जनावराने पुढचा आठवडा कुठे आणि कसा काढला, ते कळत नाही. कथेचं त्याच्याकडचं काम संपलेलं असतं.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. शत्रूच्या कैदेतलं जनावर आपण शत्रूवर सोडतो, तेव्हा आपण त्याला मुक्त करतो की त्याचा मारा करतो? बंदुकीतून गोळी ‘सुटते’ तसंच पिंजऱ्यातून वाघही ‘सुटतो’. मराठीत दोन्हीला क्रियापद एकच आहे.

युक्ती जुनी आहे

ही काही खेळ बनवणाऱ्यांची कल्पना नाही. चीनमध्ये इ. स. पू. २७९ च्या सुमारास जिमो नावाच्या वेढलेल्या शहरात तियान दान नावाच्या सेनापतीने हजारावर बैल गोळा केले, असं जुना चिनी इतिहास सांगतो. त्यांच्या अंगावर रंगीत झुली चढवल्या, शिंगांना पाती बांधली, शेपटांना तेलात बुडवलेला बोरू बांधून पेटवला आणि रात्री शत्रूच्या छावणीवर सोडून दिले. शहर वाचलं.

इ. स. पू. २१७ मध्ये इटलीत हॅनिबल डोंगरांमध्ये कोंडला गेला होता. त्याने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या मोळ्या बांधून पेटवल्या आणि त्यांना डोंगरउतारावर हाकललं. रोमन पहारेकऱ्यांना वाटलं, सैन्य मशाली घेऊन तिकडून निसटतंय. ते तिकडे धावले आणि मोकळ्या झालेल्या खिंडीतून हॅनिबल निघून गेला.

आपल्याकडची गोष्ट तर प्रत्येकाने शाळेत ऐकलेली आहे. एप्रिल १६६३, पुण्याचा लाल महाल, शाहिस्तेखानावरचा छापा. परतताना पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पळवले, मोगल तिकडे धावले आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप गेले. यात इतिहास किती आणि लोकांच्या तोंडी वाढलेली आख्यायिका किती, हा वेगळा विषय. मला लक्षात येतं ते इतकंच की गोष्ट सांगणारा ‘महाराज गडावर पोहोचले’ इथे थांबतो. शिंगांवर जाळ घेऊन धावणाऱ्या बैलांचं काय झालं, हे सहावीतल्या एखाद्या पोराने विचारलं तर वर्ग हसतो.

महाभारतात तर याहून सरळ आहे. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी अश्वत्थामा मेल्याची बातमी हवी होती, म्हणून भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. तो हत्ती कौरवांचा नव्हता. पांडवांच्याच बाजूने लढणाऱ्या माळव्याच्या राजाचा होता. त्या प्रसंगावर हजारो वर्षं वाद चालू आहे, पण वाद युधिष्ठिराच्या अर्धसत्याचा. एका वाक्याची सोय व्हावी म्हणून आपल्याच सैन्यातला हत्ती गेला, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

घराची ओढ हीच वात

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारी युक्ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. शत्रूचा किल्ला कसा घ्यायचा, याच्या उपायांत ती येते. किल्ल्यात घरटी असलेले पक्षी दिवसा बाहेर चरायला येतात. ससाणे, कावळे, पोपट, मैना, घुबडं, कबुतरं. त्यांना पकडा, शेपटीला पेटतं मिश्रण बांधा आणि सोडून द्या. ते आपोआप किल्ल्यात जातील.

का जातील? कारण तिथे त्यांचं घर आहे.

हे शस्त्र चालतं कशावर? पक्ष्याच्या रागावर नाही, त्याला शिकवलेल्या कसरतीवर नाही. सुटल्याबरोबर घरी जावंसं वाटणं, एवढ्यावरच चालतं. माणसाने त्याच्या मोकळं होण्याच्या इच्छेलाच वात लावली. आपल्या वाघाचंही तेच आहे. तो पिंजऱ्यातून बाहेर पडायला आसुसलेला आहे, भुकेला आहे, घाबरलेला आहे, म्हणूनच तो उपयोगी आहे. सुखात असलेला वाघ या युक्तीत कुचकामी.

हीच कल्पना दोन हजार वर्षांनी अमेरिकेत पुन्हा उगवली. दुसऱ्या महायुद्धात वटवाघळांना छोटे आगबॉम्ब बांधून जपानी शहरांवर सोडायची योजना होती. पहाट झाली की वटवाघळं लाकडी घरांच्या वळचणीला जाऊन लटकतील आणि मग बॉम्ब पेटतील. मे १९४३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळ चाचणी चालू असताना काही वटवाघळं भलत्या वेळी सुटली. त्यांनी काय केलं? जी वळचण जवळ दिसली तिथे ती गेली. ती अमेरिकेच्याच नव्या विमानतळाची होती. इमारती जळाल्या. पुढच्या वर्षी योजना गुंडाळली गेली. वटवाघळाला शत्रूची वळचण आणि आपली वळचण यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट सुरुवातीपासून सगळ्यांना माहीत होती. त्या फरकाचा हिशेब मात्र कुणी केला नव्हता.

युद्धात हत्ती वापरणाऱ्यांनी हा हिशेब केलेला होता आणि त्याचं उत्तर भयंकर आहे. इ. स. पू. २०७ च्या मेटॉरसच्या लढाईचं वर्णन करताना रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की हॅसद्रुबलच्या माहुतांकडे एक छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती बिथरून आपल्याच सैन्यावर उलटला की माहुताने मानेच्या सांध्यात छिन्नी ठोकून त्याला तिथल्या तिथे संपवायचं. आमच्या धंद्यात याला ‘किल स्विच’ म्हणतात. शस्त्र म्हणून वापरलेल्या जीवाला फक्त दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. मोकळा अशी तिसरी अवस्था त्या आराखड्यात नसते.

दुसरी बाजू

आता उलट बाजूने बोलायला हवं, कारण ती बाजू हलकी नाही.

पहिला मुद्दा: जनावराला युद्धात आणलं कुणी? शत्रूने. त्याला पकडलं, उपाशी ठेवलं, चाबकाने शिकवलं. उद्या त्यालाच तुमच्यावर सोडणार. अशा वेळी तुम्ही दार उघडलंत, तर पाप मूळ पिंजरेवाल्याचं जास्त की तुमचं?

दुसरा मुद्दा: या युक्त्या बहुतेक वेळा दुबळ्यांच्या आहेत. जिमो वेढलेलं होतं, हॅनिबल कोंडलेला होता, लाल महालात शिरलेली माणसं मूठभर होती. ज्याच्याकडे मोठी फौज आहे त्याला बैलांची गरज पडत नाही. दुबळ्याने नीती पाळत मरावं आणि बलवानाने आरामात जिंकावं, असा उपदेश करणं सोपं आहे, विशेषतः एसीत बसून.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. हेतू काहीही असो, दार उघडलं हे तर खरं ना? वाघ पिंजऱ्याबाहेर आला. तुमच्या मनात काय होतं याच्याशी वाघाला काय करायचंय?

हा तिसरा मुद्दा तपासायला मी माणसांच्या इतिहासातलं एक उदाहरण घेतो. माणसाची आणि जनावराची बरोबरी करण्यासाठी घेत नाही. मुक्त करणाऱ्याचा हेतू किती मोजायचा, एवढंच त्यातून बघायचं आहे. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला: बंडखोर अमेरिकनांचे जे गुलाम ब्रिटिशांच्या बाजूने शस्त्र धरतील, ते मुक्त. फक्त बंडखोरांचे. डनमोरच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते, त्यांना हा जाहीरनामा लागू नव्हता. हेतू शत्रूच्या घरात आग लावण्याचा होता, यात शंका नाही. जे पळून आले त्यांतले पुष्कळ लोक त्याच्या छावणीत देवीच्या साथीने मेले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे ब्रिटिश हरले. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना जॉर्ज वॉशिंग्टनने अशा पळून आलेल्या लोकांना परत मागितलं. ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन याने नकार दिला. ज्यांना मुक्तीचं वचन दिलं होतं त्यांची नावं वहीत उतरवून घेतली आणि सुमारे तीन हजार जणांना जहाजांतून नोव्हा स्कॉशियाला नेलं. तिथेही त्यांना जमिनींसाठी झगडावं लागलं, त्यातल्या बाराशेंच्या आसपास लोकांनी १७९२ मध्ये पुन्हा जहाज पकडून सिएरा लिओन गाठलं. म्हणजे फार गोड शेवट नाहीच. तरीही त्या वहीतली मुक्ती खरी होती.

मला यातून दिसतं ते असं: हेतू मळका असूनही मुक्ती खरी निघू शकते. आणि हेतू उजळ असूनही ती खोटी निघू शकते. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. दार उघडल्यावर, आपलं काम झाल्यावर, त्या सुटलेल्याचा आपण काही लागतो का? वही ठेवणारा कार्लटन ‘हो’ म्हणाला. त्या माणसांना स्वतःचं वचन स्वतः मागता येत होतं, ती आपल्या पायांवर उभी राहिली, दुसरं जहाजही त्यांनी स्वतः शोधलं. जनावराला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत दार उघडणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

छावणीबाहेर कुणाची तरी बांधी असते

खेळात छावणीच्या बाहेर हिरवं जंगल असतं, मोकळं. आमच्या भंडारा जिल्ह्यात तसं नसतं. इथे जंगल संपतं तिथेच धानाची बांधी सुरू होते. बांधीच्या वर तलाव, तलावापलीकडे गाव आणि गावाच्या मागे पुन्हा जंगल. नागझिरा, कोका, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही नावं पर्यटकांसाठी सफारीची असतील. आमच्यासाठी ती शेताच्या धुऱ्यापलीकडची नावं आहेत.

ओडिशा-छत्तीसगडकडून २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळप २०२२ च्या अखेरीस गोंदियामार्गे भंडारा जिल्ह्यात शिरला. हे हत्ती कुणाच्या कैदेतले नव्हते, कुणी कुणावर सोडलेले नव्हते. आपला रस्ता आणि आपलं पोट घेऊन चाललेली ती जनावरं होती. पण वेळ कोणती? धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले. चार महिन्यांची कमाई उघड्यावर, मळणीची वाट बघत. माझ्या मामांचं गाव साकोली तालुक्यात. हत्ती त्यांच्या बांधीपर्यंत आले नाहीत, पण गावातली माणसं रात्र-रात्र जागली. मी तेव्हा पुण्यात. फोनवर मी उत्साहाने विचारत होतो, दिसले का, किती होते, पिल्लू होतं का. मामा म्हणाले, “बाबू, हत्तीले का माहीत, पुंजणा कोनाचा हाय?”

हत्ती आंधळेपणाने वागतो असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात हत्तीवर राग नव्हताच. त्यांना एवढंच सांगायचं होतं की हत्तीच्या नकाशावर मालकांची नावं नसतात, त्यामुळे ती नावं लक्षात ठेवण्याचं काम माणसांकडेच राहतं.

त्या हत्तींना गावांपासून दूर वळवायला पश्चिम बंगालमधून हुल्ला पथक बोलावलं होतं. ही माणसं मशाली घेऊन, आवाज करत कळपाची दिशा वळवतात. मला कात्रजचा घाट आठवला. मशाल तीच. एका गोष्टीत ती जनावराच्या शिंगावर बांधलेली, दुसरीत माणसाच्या हातात. ज्याच्या हातात मशाल असते त्याला ती कुठे न्यायची आणि कधी विझवायची हे ठरवता येतं आणि चुकलं तर जाबही त्यालाच विचारता येतो. शिंगाला बांधलेल्या मशालीचा जाब कुणाला विचारणार?

युद्धातल्या युक्तीत ‘शत्रू’ आणि ‘आपण’ असे दोनच पक्ष धरलेले असतात. तिसरा पक्ष कायम गैरहजर असतो. छावणीशेजारच्या गावातली बाई, जिच्या गोठ्यात पेटलेला बैल शिरला. किल्ल्यातला कुंभार, ज्याचा पोपट संध्याकाळी जाळ घेऊन छपरावर बसला. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ छावणीतली सगळी माणसं मारून संपल्यावर कुठे जाणार? जिथे पाणी आहे तिथे. आणि पाणी असतं तिथे गाव असतं.

पिंजरा उघडण्याची एक वेगळी रीतही आमच्याच भागात बघायला मिळाली. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडलेल्या दोन वाघिणींना नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडलं. फोटो सगळीकडे फिरले: पिंजऱ्याचं दार वर जातंय, वाघीण झेप घेऊन झाडीत दिसेनाशी होतेय. हुबेहूब आमच्या खेळातला क्षण. पण त्या फोटोत एक गोष्ट होती जी खेळात नसते. वाघिणीच्या गळ्यात रेडिओ कॉलर. त्याचा अर्थ असा की दार उघडणाऱ्यांनी उद्या, परवा, तेरवा ती कुठे आहे हे बघत राहण्याचं कबूल केलं आहे. तिची सुटका झाली, सोडणाऱ्यांची नाही झाली. वाघिणीला हलवणं बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, वनविभागाशी गावांची भांडणंही आहेत आणि ती रास्त आहेत. पण निदान भांडायला समोर कुणीतरी आहे. भरपाईचा अर्ज द्यायला एक टेबल आहे.

उंदराने नेलेली वात

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे त्याचं सार सगळ्यांना पाठ असतं. पण त्या पत्रात जनावरांबद्दल जे आहे ते मला अधिक मोलाचं वाटतं. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराज बजावतात. पुढे तर त्याहून बारीक गोष्ट आहे. रात्री दिवे नीट विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात उचलून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील.

म्हणजे बघा, जाळ वाहून नेणारं जनावर इथेही आहे. पण उंदराला दोष देऊन मोकळं होण्याची वाट या पत्राने बंद केली आहे. वात उघडी कुणी ठेवली, एवढाच प्रश्न. मधे एक जनावर आलं म्हणून माणसाची जबाबदारी पातळ होत नाही. हा नियम अपघातालाही लागू असेल, तर मुद्दाम शेपटीला वात बांधणाऱ्याला किती लागू असेल!

माझ्या कामात दर दोन आठवड्यांनी आम्ही ‘रिलीज’ करतो. शब्द तोच, सोडणं. लिहिलेला कोड आतल्या सुरक्षित यंत्रांवरून लोकांच्या फोनवर सोडायचा. तिथे एक साधी पद्धत आहे. ज्याने रिलीजचं बटण दाबलं तो त्या रात्री ऑन-कॉल असतो. पहाटे तीनला काही बिघडलं तर फोन त्याला येतो. बटण दाबून सिनेमाला निघून जाण्याची मुभा नाही. हे काही थोर नीतिशास्त्र नाही, धंद्यातलं व्यवहारज्ञान आहे. पण त्यामुळे बटण दाबणारा माणूस दाबण्याआधी वेगळा विचार करतो. शुक्रवारी संध्याकाळी सहसा कुणी काही सोडत नाही, याचं कारण शनिवारी जागायचं असतं. शेपटीला वात बांधणाऱ्याला तो शनिवार नसतो. वात बांधणारे हात रिकामे होताच त्याचं काम संपतं आणि जळण्याचं काम दुसऱ्याचं.

एकाने हत्तीकडे बघितलं

कैदेतलं लढाऊ जनावर कुणावर तरी सोडण्याच्या कथांमध्ये एक कथा वेगळी निघते. देवदत्ताला बुद्धाला संपवायचं होतं. तो राजगृहाच्या हत्तीखान्यात गेला आणि माहुतांना म्हणाला की आपली राजदरबारी ओळख आहे, तुमची बढती करवू, पगार वाढवू. फक्त बुद्ध रस्त्याने येईल तेव्हा नालागिरीला सोडा. नालागिरी हा माणसं मारणारा म्हणून प्रसिद्ध असलेला हत्ती. माहुतांनी सोडला. लोक गच्च्यांवर चढून बघू लागले, काय होतंय ते. हत्ती धावून आला. बुद्धाने त्याच्याकडे मैत्रीच्या भावनेने पाहिलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला. हत्तीने सोंडेने त्याच्या पायांची धूळ घेतली. अजिंठ्याच्या सतरा क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे.

चमत्कार बाजूला ठेवू. माहुतांकडे बघू. ती माझ्या-तुमच्यासारखी नोकरदार माणसं आहेत. त्यांचं बुद्धाशी वैर नाही, हत्तीशीही नाही. त्यांना बढती हवी होती आणि दार उघडणं हे त्यांचं रोजचंच काम होतं. इतकं सोपं असतं ते. गच्चीवरच्या लोकांनाही मजा होती. त्या सबंध रस्त्यावर एकाच माणसाने नालागिरीकडे हत्ती म्हणून बघितलं. बाकी सगळ्यांसाठी तो एक हत्यार होता किंवा तमाशा.

आणि कथेचा शेवट बघा. नालागिरी जंगलात निघून जात नाही. पाली कथेत तो हत्तीखान्यात परत जाऊन आपल्या जागी उभा राहतो. पहिल्यांदा वाचताना मला हे खटकलं होतं. सुटला होता ना, मग परत का गेला? आता वाटतं, कथाकाराने निदान तो पुढे कुठे गेला हे सांगितलं. ड्रॅगनच्या बाबतीत, कात्रजच्या बैलांच्या बाबतीत तेवढंही कुणी सांगत नाही.

मग शत्रूच्या छावणीतला पिंजरा उघडायचा की नाही? मी ‘कधीच नाही’ असं म्हणणार नाही. वेढलेल्या शहरात माझी माणसं उपाशी मरत असतील, तर कदाचित मीही उघडेन. पण त्याला मुक्ती म्हणण्याचा हक्क मला त्या रात्री मिळत नाही. त्या रात्री मी फक्त एक शस्त्र वापरलेलं असतं, ज्याला जीव आहे, भीती आहे आणि घराची ओढ आहे. त्याच्याकडून मी उसनं घेतलेलं असतं, न विचारता. ते फेडायला सकाळी परत जावं लागतं. तो वाघ कुठे पोहोचला, जखमी आहे का, वाटेत कुणाची बांधी तुडवली, कुणाच्या गोठ्यात शिरला, हे विचारत गावोगाव फिरावं लागतं आणि जिथे नुकसान झालं तिथे, ‘दार मी उघडलं होतं’ असं आपल्या तोंडाने सांगावं लागतं.

एखादा खेळ असा निघाला तर मला खेळायला आवडेल. छावणी मुक्त झाल्याची अक्षरं स्क्रीनवर येतात, बोनस जमा होतो आणि मग पुढची कामगिरी उघडते: वाघ अजून बाहेर आहे, खालच्या गावात धान कापून पडलंय, सूर्य उगवायला दोन तास आहेत. ती कामगिरी कंटाळवाणी असेल. गोळ्या झाडायला फारशी संधी नसेल, चालावं खूप लागेल आणि लोक शिव्या देतील. पण ती पूर्ण झाली, तर ‘मुक्त’ हा शब्द स्क्रीनवर लिहायला माझी हरकत नाही.